कंपन कागदावर थांबतं, मजल्यावर थांबत नाही: डॅम्पर बदलण्याआधी काय तपासावं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून), वाघोडियाकडच्या कारखान्यांच्या शेड्समधून मला येणारे फोन एकाच चालीचे असतात. डिझाइन करून घेतलंय, सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं आहे, डॅम्परही (कंपन शोषणारं उपकरण) बसवलाय, तरी वरचा मजला थरथरतोच. मागून फोरमन ओरडत असतो, 'साहेब, आजे तो बहु ध्रूजे छे' (आज फारच थरथरतंय). आता दुसरा, मोठा डॅम्पर घ्यायचा का, एवढंच समोरच्याला विचारायचं असतं.

सहसा नाही घ्यायचा. दोष डॅम्परमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच सापडतो. तो सापडतो वस्तुमानात, आधारांत, डॅम्पिंगच्या (कंपन विरण्याच्या) टक्क्यात नाहीतर टाइम स्टेपमध्ये (हिशोब वेळेच्या किती बारीक पावलांनी करायचा त्यात). म्हणजे मॉडेल करताना 'डीफॉल्ट असू दे' म्हणून सोडून दिलेल्या एखाद्या आकड्यात.

खालचं सगळं वरच्या मजल्यावर फिरतं यंत्र असलेल्या आरसीसी किंवा लोखंडी इमारतीसाठी आहे. हिशोबाला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू या: सहा पोलची मोटर, ९६० आरपीएमने थेट फिरणारा ब्लोअर. ९६० भागिले ६० म्हणजे १६ हर्ट्झ, सेकंदाला सोळा फेऱ्या. पूल, चिमणी, उंच टॉवर यांचं गणित याच घराण्यातलं असलं तरी तिथे वारा आणि माणसांची पावलं येतात, आणि हात थांबवायची वेळही बरीच आधी येते.

लक्षणं

यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा, कारण पुढे कुठून सुरुवात करायची ते त्यावर आहे.

- मॉडेलमधली फ्रिक्वेन्सी आणि जागेवर मोजलेली यांत तिप्पट, सहापट, तीसपट असा विचित्र फरक.
- मॉडेल शांत, मजला हलतोय. यंत्र बंद करताना वेग उतरत असताना मध्येच एकदा कंपन वाढतं आणि मग जातं.
- हॉपर किंवा टाकी रिकामी असताना ठीक, भरली की थरथर. किंवा नेमकं उलट.
- डॅम्पर बसवल्यावर जुन्या वेगाला शांत, पण व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने) वेग जरा हलवला की नव्या ठिकाणी जोरात.
- जानेवारीत ठीक, मे महिन्यात पुन्हा तेच.
- टाइम हिस्टरीचा (क्षणोक्षणीच्या कंपनाच्या हिशोबाचा) आलेख काही सेकंदांत कागदाबाहेर जातो.

शेवटचं लक्षण सगळ्यांत भीतिदायक दिसतं आणि निस्तरायला सगळ्यांत सोपं असतं. मॉडेल शांत राहणं हे खरं घातक, कारण त्यावर कुणाला शंकाच येत नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

यंत्राची वीज तोडा आणि मजल्यावर हात ठेवून उभे राहा. वीज जाताक्षणी कंपन गेलं तर कारण विजेचं. मोटरमध्ये ते ५० च्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झवर असतं, आणि त्यासाठी इमारतीला हात लावायचं कारण नाही. वेगाबरोबर हळूहळू उतरलं तर नुसतं असंतुलन. इम्पेलरच्या पात्यांवर धूळ साचून थर बसलाय का ते बघा, बॅलन्सिंग करून घ्या. उतरताना मध्येच एकदा उसळलं तर मात्र तो रेझोनन्स. यंत्राचा वेग तुमच्या मजल्याच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीवरून गेला, आणि ती फ्रिक्वेन्सी चालू वेगाच्या खाली कुठेतरी आहे.

मग पायाचे बोल्ट. पाना लावून एकेक सैल करा आणि फ्रेमचा तो पाय किती उचलला जातो बघा. पाय वर आला तर खाली पोकळी आहे, ग्राउट (पायाखाली ओतलेला भराव) फुटलाय किंवा शिम (पायाखालची पातळ पट्टी) गेलीय. तीन पायांवर उभं असलेलं यंत्र सॉफ्टवेअर कधीच दाखवणार नाही, कारण मॉडेलमध्ये चारही पाय चिकटवलेले असतात.

आता टाचांची चाचणी. यंत्र बंद, मजल्याच्या मधोमध उभे राहा, टाचा उचला आणि एकदम आपटा. एका माणसाने आपटायचं, दुसऱ्याने फोन लादीवर दोन बाजूंच्या टेपने पक्का चिकटवून प्रवेगमापीचं अ‍ॅप चालू ठेवायचं. फायफॉक्स फुकट मिळतं आणि पुरतं. फोन नुसता ठेवू नका, तो स्वतःच नाचतो. कव्हर काढा. मऊ रबराचं कव्हर हा एक छोटा डॅम्परच असतो.

या मोजणीतून दोन गोष्टी हाती लागतात. एक, मजल्याची फ्रिक्वेन्सी. दोन, डॅम्पिंग. लाटांची उंची दहा आवर्तनांत निम्मी झाली तर डॅम्पिंग साधारण १.१ टक्के. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

फोनच्या मर्यादाही माहीत असाव्यात. बरेच फोन सेकंदाला शंभरेक नोंदी घेतात, त्यामुळे ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं मानू नका. ८४ हर्ट्झचं कंपन अशा फोनवर १६ हर्ट्झ म्हणूनही दिसू शकतं. शिवाय मजल्याचं कंपन एक-दोन सेकंदांतच विरतं आणि तेवढ्या तुकड्यावरून अर्ध्या-एक हर्ट्झपेक्षा बारीक वाचन होत नाही. म्हणून पाच-सहा वेळा आपटून सरासरी घ्या.

रिकाम्या कारखान्यात ही मोजणी सगळ्यांत स्वच्छ येते. उत्तरायणाचे दोन दिवस त्यासाठी सोन्यासारखे, आजूबाजूच्या शेड्सही बंद असतात. अडचण एकच, त्या दिवशी बडोद्यात टाचा आपटायला माणूस मिळत नाही. सगळे गच्चीवर.

चूक किती पट आहे ते बघा

मॉडेल उघडण्याआधी मोजलेली फ्रिक्वेन्सी आणि मॉडेलची फ्रिक्वेन्सी यांचा भागाकार करा. बरेचदा गुन्हेगार तिथेच नाव सांगतो.

मॉडेलची फ्रिक्वेन्सी ३.१३ पट कमी आली तर कुणीतरी वस्तुमानाच्या रकान्यात वजन भरलंय, कारण ९.८१ चं वर्गमूळ ३.१३. ३१.६ पट कमी असेल तर न्यूटन-मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये वस्तुमान टनांऐवजी किलोत गेलंय, हजाराचं वर्गमूळ. ६.२८ पट जास्त असेल तर तुम्ही रेडियन प्रति सेकंदाचा रकाना हर्ट्झ म्हणून वाचताय. या चुका हास्यास्पद वाटतात, पण मोठमोठ्या रिपोर्टांत असतात. कारण मॉडेल एकजण करतो, यंत्राची वजनं दुसरा ई-मेलने पाठवतो आणि रिपोर्ट तिसरा छापतो.

फरक असा ठळक नसेल तर हातानं पडताळा करा. साध्या आधारांवरच्या बीमसाठी १८ ला स्वतःच्या वजनाने येणाऱ्या डिफ्लेक्शनच्या (वाकण्याच्या), मिलिमीटरमधल्या, वर्गमुळाने भागा. ४ मिमी डिफ्लेक्शन म्हणजे ९ हर्ट्झ. मॉडेल १४ म्हणत असेल तर ते का, याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. 'सॉफ्टवेअरने दिलं' हे उत्तर धरत नाही.

वस्तुमान, काँक्रीट, आधार

इथून पुढे कॉम्प्युटरसमोर बसावं लागतं. खर्च नाही, वेळ जातो.

वस्तुमानाची यादी जागेवर उभं राहून करा, ड्रॉइंगवरून नको. नंतर घातलेली लादी, भिंतीला टेकवून ठेवलेली पोती, पाइप, भरलेला हॉपर. सगळं वस्तुमान चौपट झालं तर फ्रिक्वेन्सी निम्मी, असं हे वर्गमुळाचं नातं आहे, त्यामुळे दहा टक्के वस्तुमान चुकलं तर फ्रिक्वेन्सी पाचच टक्के हलते. सोळाच्या शेजारी पाच टक्के म्हणजे ०.८ हर्ट्झ, आणि रेझोनन्सच्या दारात उभं असताना तेवढं पुष्कळ झालं.

काँक्रीटचा इलॅस्टिक मॉड्युलस (ताठपणाचा आकडा) आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० च्या आवृत्तीप्रमाणे ५००० गुणिले एफसीकेचं (काँक्रीटच्या मजबुतीच्या आकड्याचं) वर्गमूळ, म्हणजे एम-२५ ला २५,००० मेगापास्कल. १९७८ च्या आवृत्तीत ५००० च्या जागी ५७०० होतं. जुन्या इमारतीचा जुना हिशोब हाती आला तर कुठली आवृत्ती धरलीय ते बघा, फ्रिक्वेन्सीत सात टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. लहान कंपनांना काँक्रीट या स्थिर आकड्यापेक्षा ताठ वागतं, तर तडे गेलेला बीम त्याहून मऊ. दोन्ही शक्यता चालवून बघा.

सगळ्यांत जास्त घोळ आधारांत. दोन्ही टोकं बिजागरी धरली आणि दोन्ही टोकं पक्की धरली, तर त्याच बीमच्या पहिल्या फ्रिक्वेन्सीत २.२७ पटीचा फरक पडतो. खरा बीम या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. आपल्या उदाहरणात समजा कन्सल्टंटने बीम बिजागरीवर धरला, उत्तर ११ हर्ट्झ आलं, यंत्र १६ वर, म्हणून शेरा 'सेफ'. टाचा आपटून येतात १५.२. बीम खांबांबरोबर एकसंध ओतलेला, वर विटांची भिंत. तो ११ वर राहील कसा? ताकदीच्या हिशोबात बिजागरी धरली की मधला मोमेंट (वाकवणारा जोर) जास्त येतो आणि तो भाग सुरक्षित बाजूला जातो. कंपनाच्या हिशोबात सुरक्षित बाजू अशी नसतेच. फ्रिक्वेन्सी खाली चुकली काय आणि वर चुकली काय, यंत्राच्या वेगावर जाऊन बसली की संपलं. ताकदीच्या हिशोबात वाढलेला माणूस इथेच फसतो, मग तो कितीही हुशार असो.

डॅम्पिंगचा टक्का

आता ती वही काढा. रेझोनन्सला कंपन किती पट वाढतं ते १ भागिले दोनदा डॅम्पिंग असं येतं. ५ टक्क्यांना दहापट, १ टक्क्याला पन्नासपट. भूकंपासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १८९३ मध्ये, ५ टक्के धरतात आणि बरीच सॉफ्टवेअर्स तोच आकडा आधीच भरून ठेवतात. पण भूकंपात इमारत तडकते, घासते, त्यातून तो टक्का येतो. ब्लोअरच्या बारीक थरथरीला काँक्रीटचा मजला एक-दोन टक्केच देतो, वेल्डिंगची लोखंडी फ्रेम कधी त्याहूनही कमी. म्हणजे एका डीफॉल्ट आकड्यात पाचपटीची थरथर गडप.

टाइम हिस्टरीत रेले डॅम्पिंग वापरलं असेल तर आणखी एक सापळा आहे. त्याचे दोन हिस्से: वस्तुमानाच्या प्रमाणातला कमी फ्रिक्वेन्सीला जास्त दाबतो, स्टिफनेसच्या (ताठपणाच्या) प्रमाणातला जास्त फ्रिक्वेन्सीला. पुष्कळजण फक्त दुसरा ठेवतात आणि तो इमारतीच्या पहिल्या मोडवर, म्हणजे सगळ्यांत संथ डोलण्याच्या प्रकारावर, बसवतात. समजा ३ हर्ट्झवर २ टक्के बसवलं. हा हिस्सा फ्रिक्वेन्सीबरोबर सरळ वाढतो, म्हणून १६ हर्ट्झवर तेच १०.७ टक्के होतं. पन्नासपटीच्या जागी मॉडेल पाचपटीपेक्षाही कमी दाखवतं आणि रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. ज्या फ्रिक्वेन्सीची चिंता आहे तिच्या खाली आणि वर एकेक बिंदू घेऊन दोन्ही गुणक बसवा, आणि मधे १६ वर किती येतं ते स्वतः काढून बघा.

टाइम स्टेप

भूकंपाच्या नोंदी बरेचदा ०.०२ सेकंदाच्या असतात, तोच स्टेप यंत्राच्या विश्लेषणातही तसाच राहतो. १६ हर्ट्झचं एक आवर्तन ०.०६२५ सेकंदाचं. त्यात जेमतेम तीन पावलं.

टाइम हिस्टरी सोडवायची सेंट्रल डिफरन्स पद्धत आवर्तनाच्या ०.३१८ पटीपर्यंतच स्थिर राहते, इथे ०.३२ होतात, आलेख उधळतो. त्याचं चांगलं असं की चूक लगेच दिसते. न्यूमार्कने १९५९ साली मांडलेल्या पद्धतीचा सरासरी-प्रवेगाचा प्रकार कितीही मोठ्या स्टेपला उधळत नाही, म्हणून सगळे तो विश्वासाने वापरतात. पण तो आवर्तन लांबवतो. ०.०२ च्या स्टेपला १६ हर्ट्झचा मोड त्यात १२.५ हर्ट्झसारखा वागतो! म्हणजे खरा मजला रेझोनन्समध्ये, आणि कॉम्प्युटरमधला मजला साडेतीन हर्ट्झ लांब जाऊन निवांत बसलेला. आलेख गुळगुळीत, शंका यायला जागाच नाही.

आवर्तनाचे वीस भाग, इथे ०.००३ सेकंद, ही किमान गरज. रेझोनन्सच्या जवळ त्याच्याही निम्मं करा आणि उत्तर बदलतंय का ते बघा. खरं म्हणजे एकाच वेगाने फिरणाऱ्या यंत्राला टाइम हिस्टरी लागतच नाही. हार्मोनिक विश्लेषण (एकेका फ्रिक्वेन्सीला कंपन किती ते काढणं) ८ ते २४ हर्ट्झपर्यंत ०.१ च्या पावलाने चालवा. काही मिनिटांचं काम, स्टेपची भानगड नाही, आणि शिखर कुठे आहे ते समोर दिसतं. शिखर टोकदार असेल तर तिथली पावलं आणखी बारीक करा.

मोडची संख्याही बघून घ्या. आयएस १८९३ ची ९० टक्के मोडल वस्तुमानाची अट, म्हणजे धरलेल्या मोडमध्ये एवढं वस्तुमान आलं पाहिजे ही, आडव्या भूकंपासाठी आहे. ती पुरी झाली म्हणून मजल्याचा उभा मोड यादीत आलाच असं नाही. उभ्या दिशेचा रकाना वेगळा वाचा.

आता डॅम्पर

इतकं सगळं बरोबर निघालं तरच डॅम्परकडे वळा. इथून खर्च सुरू होतो.

पहिला प्रश्न, तो कशावर ट्यून केलाय, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळवलाय? फ्राम यांनी १९०९ मध्ये पेटंटसाठी मांडलेली मूळ कल्पना स्प्रिंगवर टांगलेल्या वस्तुमानाची. एकाच वेगाच्या यंत्रासाठी असा शोषक यंत्राच्या वेगावर, म्हणजे १६ वर ट्यून करतात. वारा किंवा पावलांसाठीचा ट्यून्ड मास डॅम्पर इमारतीच्या फ्रिक्वेन्सीच्या जरा खाली ट्यून करतात. डेन हार्टोग यांच्या सूत्राप्रमाणे २ टक्के वस्तुमानाला ०.९८ पट, आणि डॅम्परचं स्वतःचं डॅम्पिंग ८.४ टक्के. या दोन कामांची सरमिसळ झालेली मी वारंवार बघतो. शोषकाला डॅम्पिंग कमी असतं, त्यामुळे जुन्या शिखराच्या दोन्ही बाजूंना दोन नवी शिखरं उभी राहतात. व्हीएफडी लावलेल्या यंत्राला तो देऊ नये, वेग हलला की यंत्र थेट नव्या शिखरावर चढतं. लक्षणांतलं चौथं ते हेच.

दुसरा प्रश्न, तो बसवलाय कुठे? ते दोन टक्के म्हणजे त्या मोडमध्ये खरोखर हलणाऱ्या वस्तुमानाचे. साध्या बीमला ते एकूण वस्तुमानाच्या निम्मं, चारी बाजूंनी टेकलेल्या स्लॅबला पाव. आणि हे गणित डॅम्पर सर्वांत जास्त हलणाऱ्या बिंदूवर आहे असं धरून असतं. मधे केबल ट्रे आडवी आली म्हणून तो निम्मं हलणाऱ्या जागी सरकवला, तर त्याच्या वजनाचा पाव हिस्साच कामी येतो. ट्रे हलवणं नव्या डॅम्परपेक्षा स्वस्त पडतं.

तिसरं, रबर. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना आत काय होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. रबर तापलं की मऊ होतं, डॅम्परची फ्रिक्वेन्सी खाली उतरते, ट्यूनिंग गेलं. थंडीत बसवलेला डॅम्पर उन्हाळ्यात 'बिघडतो' तो असा. दुपारी तीनला आणि सकाळी सातला त्याची फ्रिक्वेन्सी मोजा. फरक दिसला तर रबराऐवजी स्टीलची स्प्रिंग आणि वेगळा तेलाचा डॅम्पर मागा. हॉपर भरण्या-रिकामं होण्यानेही ट्यूनिंग असंच सुटतं, तिथे मधल्या वजनावर ट्यून करून डॅम्पिंग थोडं वाढवून घ्यावं लागतं.

या सगळ्याआधी एक फुकटचा उपाय मात्र विचारून बघा: यंत्राचा वेगच बदलता येईल का? व्हीएफडी असेल तर पंखा १६ वरून १३ वर आणून प्रक्रियेला चालतं का ते प्रॉडक्शनवाल्यांना विचारा. हवा वेगाच्या सरळ प्रमाणात कमी होते, वीज घनाच्या, त्यामुळे कधीकधी तेच खुशीत 'हो' म्हणतात.

इथे थांबा आणि जाणकार बोलवा

बीमवर, खांबाच्या जोडावर तडा दिसला आणि पेन्सिलीने त्याच्या टोकाशी मारलेली खूण तो आठवड्याभरात ओलांडून गेला, तर यंत्र बंद करा. मोजमाप नंतर. लोखंडी फ्रेममध्ये वेल्डच्या कडेला गंजाची बारीक रेघ उमटली, बोल्ट पुन्हापुन्हा तुटत असतील, तर तो फटीगचा (पुन्हापुन्हाच्या ताणाने लोखंड थकून तडकण्याचा) प्रश्न आहे, आणि तिथे डॅम्पर लावायला उशीर झालेला असतो.

कंपनाच्या जागेवर गॅस, वाफ किंवा रसायनाची लाइन असेल तरी स्वतः प्रयोग करू नका. स्लॅब कापायचा, खांब किंवा ब्रेसिंग घालायचं असेल तर लायसन्सधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय नाही. ब्रेसिंगने स्टिफनेस वाढतो, फ्रिक्वेन्सी चढते, आणि १५.२ वरचा मजला तुम्ही स्वतःच्या हाताने १६ वर नेऊन बसवू शकता.

सेन्सर, मोटर आणि कंट्रोलर असलेली सक्रिय यंत्रणा असेल तर गेनला (कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो त्या आकड्याला) हात लावू नका. टोकियोच्या क्योबाशी सेइवा इमारतीत १९८९ मध्ये अशी यंत्रणा प्रत्यक्ष बसली, म्हणजे तंत्र काही नवं नाही, पण ते चिडकं आहे. सिग्नल २० मिलिसेकंद उशिरा पोचला तर २ हर्ट्झला १४ अंशांचाच फरक पडतो, १० हर्ट्झला ७२ अंशांचा. त्यापुढे थांबवायला लावलेलं बल ढकलायला लागतं. शिवाय मॉडेलमध्ये न घेतलेले वरचे मोड तीच मोटर जागे करते.

जाणकार येईल तो तीन दिशांचे सेन्सर, हातोडा आणि मोडल चाचणी घेऊन. मोजलेल्या मोडवरून मॉडेल दुरुस्त करणं हे त्याचं खरं काम, फक्त रिपोर्ट नको म्हणून आधीच सांगा. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, म्हणजे आपल्या जुन्या कलाभवनात, अ‍ॅप्लाइड मेकॅनिक्सचा विभाग आहे. तिथेही विचारून बघा.

त्याला बोलावण्याआधी एका कागदावर एवढं तयार ठेवा: मोटरच्या नेमप्लेटचा फोटो, पट्टा असेल तर दोन्ही पुलींचे व्यास, यंत्राचं रिकामं आणि भरलेलं वजन, टाचांच्या चाचणीच्या फाइली जशाच्या तशा, कुठल्या वेळी, कुठल्या लोडला थरथर वाढते त्याची नोंद, आणि मूळ मॉडेलची फाइल. नुसती पीडीएफ नव्हे. पीडीएफमध्ये टाइम स्टेप आणि रेलेचे गुणक छापलेले नसतात.